उंबराखालची जागा

मुलांनो, नदी जिथे लागोपाठ दोन वळणे घेते, तिथल्या जंगलात एक हुप्प्या राहत असे. हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीचा म्होरक्या. काळे तोंड, रुपेरी अंग, आणि शेपूट इतके लांब की तो फांदीवर बसला म्हणजे ते खाली दोरासारखे लोंबत राही. शेपटीच्या टोकाला छानसा गोंडा होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. डोहाच्या काठी एक जुना उंबर होता. त्या उंबरावर हुप्प्याचे राज्य होते, असे निदान तो समजत असे.

वानरांची जेवायची तऱ्हा तुम्ही पाहिली आहे का? पाहिली असेल तर घरी तसे करून दाखवू नका, पाठीत धपाटा बसेल. वानर फांदी मोडतो, कोवळा शेंडा तेवढा खातो आणि उरलेली फांदी देतो फेकून. फळ तोडतो, एक चावा घेतो आणि दुसऱ्या फळाकडे वळतो. हुप्प्याची टोळी सकाळभर जेवली की उंबराखाली पाल्याचा आणि फळांचा सडा पडे. त्या सड्यावर चितळांचा कळप चरायला येई. कळपाच्या पुढे एक पोक्त चितळीण असे. तिचे नाक मोठे तिखट. वारा जरा फिरला की ती चरायचे थांबून मान वर करी.

एके दिवशी हुप्प्या वरून म्हणाला, "ताई, उड्या मारायच्या आम्ही, तोडायचं आम्ही आणि खायचं तुम्ही. हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा झालं."

चितळीण पाला चघळत म्हणाली, "हुप्पेराव, तुम्ही टाकता ते आम्ही खातो. टाकू नका, आम्ही काही मागायला येत नाही."

हे उत्तर हुप्प्याला चांगलेच झोंबले, कारण न टाकता खाणे त्याला साधत नव्हते. पण चूक आपली असली की राग दुसऱ्याचा येतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला. झाड आपले, तर झाडाखालची जागाही आपलीच. ती या फुकट्यांनी का वापरावी?

त्याच सुमारास जंगलाला नवा राजा मिळाला. हा राजा होता एक गवा. देह डोंगराएवढा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग आणि स्वभाव इतका सरळ की वाकडे काही दिसले की त्याला चैन पडत नसे. त्याने मोराला प्रधान नेमले. मोराला टापटिपीची भारी हौस. आपल्या पिसाऱ्यात प्रत्येक रंग जागच्या जागी आहे, मग हे जंगलच एवढे गबाळे का, हा प्रश्न त्याला रोज छळत असे.

एका सकाळी मोर राजाला टेकडीवर घेऊन गेला. "महाराज, खाली बघा. झाडांत गवत आणि गवतात झाडं. वानरं राहतात तिथेच चितळं चरतात, चितळं चरतात तिथेच डुकरं उकरतात. कुठली जागा कशासाठी आहे, काही पत्ता लागतो का? अशानं प्रजेची भरभराट कशी व्हायची?"

राजाने पाहिले. खरोखरच सगळा काला होता. "मग काय करावं म्हणता, प्रधानजी?"

"एका जागेला एक काम, महाराज. एकच. मग बघा जंगल कसं बहरतं."

राजाला ही गोष्ट एकदम पटली. लगेच सुतारपक्ष्याने पोकळ खोडावर चोच आपटून दवंडी पिटली आणि सारे जंगल काळ्या खडकापाशी लोटले. काय ती गर्दी आणि काय तो उत्साह! ससे पुढच्यांच्या पाठीवर चढून पाहत होते. डुकरांच्या पिल्लांनी धक्काबुक्की करून खडकाखाली जागा मिळवली होती. मोराने आपली योजना सांगितली आणि तो पिसारा फुलवून बाजूला झाला. हुप्प्या तर याच क्षणाची वाट पाहत होता. दोन उड्यांत तो राजापुढे जाऊन बसला.

"महाराज, झाडं आम्हाला द्या, झाडाखालच्या जागेसकट. चितळांना सगळा माळ द्या. कुणी कुणाच्या ताटात तोंड घालायला नको, आणि भांडणही नको."

चितळांनी एकमेकांकडे पाहिले. सगळा माळ? तिथे डुकरे येणार नाहीत, वानरांची पोरे शेपट्या ओढणार नाहीत, वरून डोक्यात काही पडणार नाही. चितळीणसुद्धा खूश झाली. खोटे कशाला सांगू, त्या दिवशी त्या योजनेत खोट कोणालाच दिसली नाही.

राजाने हुकूम दिला. "झाडाचं खाणाऱ्यांनी झाडांत राहावं, गवताचं खाणाऱ्यांनी गवतात राहावं. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही." मग तो स्वतः उठला. त्याने शिंगे जमिनीत रोवली आणि टेकडीपासून नदीपर्यंत सरळ रेघ ओढत निघाला. माती दोन्ही बाजूंना उडत होती आणि मागून सारी प्रजा नाचत, ओरडत, एकमेकांच्या पायांत येत धावत होती. रेघेच्या एका अंगाला झाडवस्ती, दुसऱ्या अंगाला गवतवस्ती. उंबर रेघेच्या अगदी काठाशी, झाडवस्तीत आला. नदी दोन्ही वस्त्यांना लागून वाहत असल्यामुळे पाणी दोघांनाही मिळाले. रेघेवर पहारा टिटवीला दिला. तिला ओरडायला एरवीही कारण लागत नसे. आता तर सरकारी कारण मिळाले.

पहिले काही दिवस जंगलात नुसता सण होता. हुप्प्याची टोळी उंबराखाली मोकळ्या जागेत कोलांट्या मारत होती. माळावर चितळांची पाडसे या टोकाहून त्या टोकापर्यंत उधळत होती. अडचण झाली ती एकट्या मोराची. त्याचे खाणे जमिनीवर, दाणे, किडे नि मुंग्या. आणि झोपणे झाडावर. संध्याकाळी तो रेघेपाशी आला आणि टिटवीने आकाश डोक्यावर घेतले. "प्रधानजी, रेघ! प्रधानजी, रेघ!" दुसऱ्याच दिवशी राजाने आज्ञा काढली की प्रधानांना सूट आहे. हुप्प्याला त्यात काही वावगे वाटले नाही. आपले भले चालले असले की आपल्याला फारसे काही वावगे वाटत नाही.

पण थोड्याच दिवसांत उंबराखाली वास सुटला. टाकलेली फळे कुजली, माशा घोंघावू लागल्या. हुप्प्याने फर्मान काढले, "आजपासून कुणी काही खाली टाकायचं नाही. तोडलं ते संपवायचं." बिचारी टोळी! निबर पाने, देठे, अर्ध्या काटक्यासुद्धा चावून चावून जबडे दुखले. दोन दिवसांत सगळे पोट धरून फांद्यांवर आडवे झाले, त्यात हुप्प्याही होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच पहिले उष्टे फळ हळूच खाली सोडले आणि आपण त्या गावचेच नाही असे तोंड करून दुसरीकडे पाहू लागला.

पावसाळा सरेपर्यंत आणखी एक नवल झाले. चितळांच्या दातांनी उंबराखालची जागा सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ राहत असे. आता चरणारेच नव्हते. तिथे गवत उगवले, वाढले, आणि इतके वाढले की उभा राहिलेला वानरही त्यात दिसेना. हुप्प्याची छाती फुगली. "बघा, आपल्याकडे आता गवतसुद्धा पिकतं." मोराने ते टेकडीवरून पाहिले आणि राजाला कळवले, "महाराज, फळं वाढली, गवतही वाढलं. भरभराट सुरू झाली." राजाला समाधान वाटले. दिलेला हुकूम फळाला आला, आणखी काय हवे?

उन्हाळा आला. गवत वाळून पिवळे झाले आणि त्या पिवळ्या गवतात एक पिवळा पाहुणा राहायला आला. तो होता बिबट्या. टिटवीने त्याला रेघ ओलांडताना नीट पाहिले, चोच उघडली आणि पुन्हा मिटली. हा झाडाचे खात नाही आणि गवताचेही खात नाही, मग याला रेघ लागू कशी? हुकमात तर याच्याविषयी काहीच नाही. ती गप्प बसली. बिबट्या कधी इकडे, कधी तिकडे, असा खुशाल हिंडू लागला.

वानरांचा एक तरुण पाण्यासाठी खाली उतरला तो परत आलाच नाही. तेव्हापासून कोणी डोहावर जाईना. डोह उंबरापासून हाकेच्या अंतरावर होता. पण मध्ये ते उंच गवत होते आणि वरून पाहिले तर गवत वाऱ्याने हलते आहे की बिबट्याने, काही कळत नव्हते. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. खाली चितळीण निवांत चरत असली की वानर खुशाल उतरत. तिला वास आला की ती ओरडे आणि सगळे वर चढत. हुप्प्याला लांबून काही दिसले की तो खाकरे आणि चितळे पळून जात. तिचे नाक आणि याचे डोळे अशी ही राखण होती. कोणी ठरवून केली नव्हती, म्हणून ती मोडली तेव्हा कोणाच्या लक्षातही आली नाही.

रेघेपलीकडेही हाल चालले होते. माळावरचे गवत करपून त्याच्या काड्या झाल्या होत्या. वरून पाला टाकायला कोणी नव्हते, लांबचे पाहायला कोणी नव्हते. चितळांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणि रेघेच्या अलीकडे, डोळ्यांना दिसेल अशा जागी, फळांचा चिखल होत होता. एकीकडे कुजत होते आणि दुसरीकडे उपास पडत होते.

टोळीतल्या एका वानरीला नुकतेच पिल्लू झाले होते. फळे चोखून इतरांची तहान कशीबशी भागे, बाळंतिणीची भागेना. एका दुपारी ती हुप्प्याला म्हणाली, "मला आज पाणी मिळालं नाही तर दूध आटेल. पिल्लू सकाळपासून रडतसुद्धा नाही."

हुप्प्याने पिल्लाकडे पाहिले. त्याचे इवलेसे तोंड कोरडे पडले होते. "मी आधी उतरतो," तो म्हणाला. "डोहापर्यंत गेलो की हाक मारीन. तेव्हा ये."

तो खाली उतरला. गवतात शिरताच त्याला आकाशाखेरीज काही दिसेना. झाडावरचा राजा जमिनीवर किती लहान असतो, हे त्याला तेव्हा कळले. एक पाऊल टाकावे, थांबावे, ऐकावे. काडी मोडली तरी तो जागीच दबून बसे. डोहाचा गारवा नाकाला लागला. आता एवढेच थोडे राहिले, असे तो मनात म्हणतो तोच माळाकडून आवाज आला.

"कूऽक! कूऽक!"

हुप्प्याच्या डोक्याने नव्हे, पायांनी तो आवाज ओळखला. विचार करायच्या आत तो उसळला होता. मागे गवत फाटले, शेपटीला झटका बसला, आणि पुढच्या क्षणी तो उंबराच्या खोडावर होता, मग फांदीवर, मग शेंड्यावर. तिथून तो घसा फाटेपर्यंत खाकरला. सगळी टोळी खाकरू लागली. पलीकडे चितळे खूर आपटत ओरडत होती. दोन्हीकडून असा कल्लोळ झाल्यावर लपून बसण्यात काय अर्थ? बिबट्या उठला आणि चडफडत झुडपांत निघून गेला.

हुप्प्याने रेघेकडे पाहिले. रेघेला अगदी खेटून चितळीण उभी होती. एक पाय उचललेला, बरगड्या वर आलेल्या.

"हुप्पेराव, आहात ना?" तिने विचारले.

"आहे, ताई. शेपटीचा गोंडा गेला."

"जाऊ दे. माशी उडवायच्याही कामाचा नव्हता. वारा तुमच्याकडून इकडे आला म्हणून मला वास लागला."

हुप्प्याला फार लाज वाटली. ज्यांना फुकटे म्हटले त्यांच्याच हाकेने आज जीव वाचला होता, आणि त्या हाकेला रेघेपलीकडे हुसकावले होते ते आपणच. त्याने उंबराची फळांनी लगडलेली मोठी फांदी कडाकडा मोडली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून रेघेपलीकडे भिरकावली.

टिटवी किंचाळली, "फांदी ओलांडली! फांदी ओलांडली!"

तिला वाटले, आपल्या ओरडण्याने हुप्प्या घाबरेल. पण मग दुसरी फांदी आली, तिसरी आली, आणि बघता बघता सगळी टोळी मोडत होती नि फेकत होती. पाल्याचा नि फळांचा पाऊस पडत होता, पाडसे त्यात तोंड घालत होती, टिटवी कोणाकोणावर ओरडावे म्हणून गरगर फिरत होती. हुप्प्या खाली उतरला आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्याने रेघ ओलांडली. "ताई, चला महाराजांकडे." त्याला जाताना पाहून डुकरे निघाली, ससे निघाले, भेकरे निघाली. माझीही जागा अडली आहे, माझीही वाट तुटली आहे, असे म्हणत जो तो मिरवणुकीत शिरला. काळ्या खडकापाशी पोहोचेपर्यंत निम्मे जंगल मागे होते.

"महाराज," हुप्प्या म्हणाला, "मी मागितलं ते तुम्ही दिलंत. आता ते परत घ्या. माझं चुकलं."

मोर घाईघाईने पुढे आला. "असं कसं? झाडवस्तीत फळं जास्त आहेत, गवतही जास्त आहे. मी रोज पाहतो, महाराज. योजनेला थोडा वेळ द्यायला हवा."

"जास्त आहेत, प्रधानजी, खरं आहे," हुप्प्या म्हणाला. "फळं खाली कुजतायत आणि गवतात बिबट्या बसलाय. जास्त झालेलं कुणाच्या पोटात जातंय, ते टेकडीवरून दिसत नाही. तिकडे आमच्या पिल्लाला दूध नाही. ताईंच्या बरगड्या तुम्हीच बघा."

राजाने चितळिणीच्या बरगड्या पाहिल्या. दिलेला शब्द मोडणे त्याला जड जात होते. मग तो मोराकडे वळला. "प्रधानजी, तुम्हाला मी सूट दिली होती. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ रेघ ओलांडता. कशासाठी?"

"झोपायला झाड लागतं आणि खायला जमीन, महाराज. नुसत्या एकावर माझं कसं भागेल?"

"तुमचं भागत नाही," राजा सावकाश म्हणाला, "मग यांचं भागेल असं आपल्याला का वाटलं?"

मोराचा पिसारा हळूहळू मिटला. त्याने खरेच कधी असा विचार केला नव्हता. राजानेही केला नव्हता, आणि ते त्याने तिथल्या तिथे बोलून दाखवले. "चूक माझी. मी रेघ सरळ आली की नाही ते पाहिलं. ती कुणाच्या अन्नावरून जाते ते पाहिलं नाही."

एवढे बोलून तो उठला आणि उंबराकडे चालू लागला. मागे त्याचा गव्यांचा सगळा कळप निघाला. रेघेवरून ते खूर गेले आणि रेघ मातीत मिळाली. उंच गवतात ते शिरले आणि गवत आडवे झाले. नदीपलीकडच्या काठावर एक पिवळी पाठ चढून जाताना हुप्प्याने पाहिली आणि तो खाकरला. या वेळी टिटवीही ओरडली. राजाने तिला कामावर ठेवले होते, फक्त आता कोणावर ओरडायचे ते नीट सांगितले होते.

मग काय, चितळे उंबराखाली लोटली. वानरे खाली आली, पाडसे आणि वानरांची पोरे एकमेकांना ढुशा देऊ लागली. बाळंतीण डोहावर वाकली आणि पोटभर पाणी प्याली. तिच्या शेजारी चितळीण नाक वर करून उभी होती, आणि फांदीवर हुप्प्या डोळ्यांत तेल घालून बसला होता. बाळंतीण उठून झाडाला टेकली आणि थोड्या वेळाने तिच्या कुशीतून पिल्लाचा चुटुचुटु दूध पिण्याचा आवाज येऊ लागला. हुप्प्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने ते लपवले नाही.

मोर मात्र अजून चिंतेत होता. "महाराज, सगळं खरं. पण या जागेला आता म्हणायचं काय? झाडवस्ती की गवतवस्ती?"

चितळिणीचे तोंड पाल्याने भरले होते. तिने घास गिळला आणि म्हणाली, "उंबराखाली म्हणा. आम्ही सगळे आधीपासून तेच म्हणत होतो."

वरून एक अर्धे खाल्लेले उंबर टपकन तिच्या पुढ्यात पडले. ते सवयीने पडले की मुद्दाम टाकले, हे हुप्प्याने कधीच कोणाला सांगितले नाही.

तात्पर्य : जमिनीवर रेघ ओढण्याआधी त्या जमिनीवर कोणाकोणाचे पोट एकमेकांच्या आधाराने भरते ते पाहावे, नाहीतर प्रत्येकाला स्वतःची जागा मिळते आणि सगळेच उपाशी राहतात.